बोहरी आळीतला नऊ मीटर पाइप

आमचा गणपतीचा कारखाना पुण्यात कसब्यात, कुंभारवेशीपासून चालत पाच मिनिटांवर. कारखाना म्हणजे काय, वाड्याची पुढची पडवी, मधलं अंगण आणि एक पत्र्याची शेड. शाडूच्या मूर्ती करतो, वर्षाला साडेतीनशे-चारशे, सगळ्या घरगुती मापाच्या. माती आणि साचे सासऱ्यांकडे, त्यांना अख्खी आळी अप्पा म्हणते. रंग, ऑर्डरी आणि उधारी माझ्याकडे. रंगाला पेणहून मास्तर येतात. आषाढ लागला की हजर होतात आणि प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री एसटीत बसतात.

हे परीक्षण एका पाइपचं आहे. हवा दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरपासून रंग फवारणाऱ्या स्प्रे गनपर्यंत हवा नेतो तो पाइप, त्याच्या टोकांचे पितळी जोड आणि ते सगळं बसवून देणारं दुकान. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुकानाच्या मालक काकांनीच बजावलंय, "ताई, नाव टाकू नका. लोक फोन करून नुसते भाव विचारतात, येत कोणी नाही." रविवार पेठेत बोहरी आळीत शिरलात की दाराशी काळ्या पाइपांची वेटोळी टांगलेली दुकानं दिसतात, त्यांतलंच एक. गाड्या रंगवणाऱ्यांना आणि पॉलिशवाल्यांना यातलं बरंच काही बाळबोध वाटेल. त्यांनी मधले परिच्छेद सोडून द्यावेत.

गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा जुना पाइप फाटला. पीव्हीसीचा, आत जाळी दिसते तसला. पत्र्याखाली तीन उन्हाळे काढून काठीसारखा कडक झालेला, त्याचा दोष नाही. गणपती तोंडावर, बाजारात जायला वेळ नाही, म्हणून मुलाने मोबाइलवरून एक संच मागवला. निळा, स्प्रिंगसारखा गुंडाळी होणारा पीयूचा (पॉलियुरेथेन प्लास्टिकचा) पाइप, "८ एमएम", सोबत दोन झटपट जोड. ७४९ रुपये. दोन दिवसांत घरपोच. दिसायला इतका देखणा की अप्पांनी त्याला हळदकुंकू लावलं.

पहिल्याच दिवशी मूर्तींच्या अंगावर रवा सांडला.

म्हणजे रंगच, पण रवाळ. अंगाचा रंग गनने मारतो तेव्हा तो धुक्यासारखा बसायला हवा, गालापासून सोंडेपर्यंत एकसारखा. इथे थेंब मोठे पडत होते, हात फिरवला की कपाळावर खरखर लागायची. मास्तर म्हणाले, रंग जाड झालाय. पाणी वाढवलं, तर ओघळ आले. मग म्हणाले, नोझल खराब झालं. गन पूर्ण उघडून धुतली. मग खापर फुटलं माझ्यावर, मी रंगाची कंपनी बदलली म्हणून. बदलली होती हे खरं, त्यामुळे मी दोन दिवस गप्प बसले. शेवटी मास्तरांनी कॉम्प्रेसरपाशी जाऊन प्रेशरची चावी पिळली, तीन किलोचं पाच किलो केलं (हे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा हवेचा दाब). तेव्हा तर आणखीच मजा. गनचा घोडा, म्हणजे बोटाने दाबायचा खटका, दाबला की पहिल्या क्षणी फस्सकन रंगाचा गोळा उडायचा आणि लगेच हवा मरायची, परत रवा. एका दीड फुटी मूर्तीच्या नेमक्या डाव्या डोळ्याच्या जागी तो गोळा बसला. ती मूर्ती अप्पांनी न बोलता उचलून मागे नेली, खरवडली आणि पुन्हा पांढरा हात मारला. त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं.

आपण काय करतोय ते तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. कॉम्प्रेसरवरचा काटा दाखवतो ते थांबलेल्या हवेचं प्रेशर. घोडा दाबून हवा पळायला लागली की पाइपात जे हरवतं ते त्या काट्याला दिसत नाही. गन बंद असताना पाइपभर पाच किलो साठून राहायचे, ते आधी उसळायचे आणि मग मागून यायला हवाच नसायची.

हे सापडलं ते मुलाला. तो आठवीत आहे आणि त्याला घरातली प्रत्येक गोष्ट मोजायची खोड आहे. ड्रिलच्या बिट्सचा डबा घेऊन बसला आणि एकेक बिट उलटा, गुळगुळीत दांड्याकडून, निळ्या पाइपाच्या तोंडात घालून बघू लागला. आठचा जाईना. सातचा जाईना. सहाचासुद्धा जाईना. पाचचा गेला. "आई, हा आठ नाहीये, पाच आहे." मी म्हटलं, फसवलं मेल्यांनी. संच परत पाठवायचा म्हणून तक्रार टाकली. उत्तर आलं की माल वर्णनाप्रमाणेच आहे. मला वाटलं होतं, धादांत खोटं बोलतायत.

शनिवारी सकाळी गन, निळा पाइप, जोड सगळं कापडी पिशवीत घालून बोहरी आळीत गेले. तिथे गाडी लावायला जागा मिळाली तर तो दिवस डायरीत लिहून ठेवावा. मी गाडी घरीच ठेवून चालत गेले आणि शहाणपणा केला. दुकान म्हणजे आठ फुटांचं तोंड आणि आत लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना लाकडी खण, खणांवर खडूने आकडे. काका साठीच्या पुढचे, डोक्यावर सोनेरी काठाची पांढरी टोपी, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आधी दोन गिऱ्हाइकं संपवली, मग माझी पिशवी उलटी केली. निळा पाइप बघितला आणि हसले.

"ताई, तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. हा आठच आहे. बाहेरून आठ."

पुढची दहा मिनिटं त्यांनी जे सांगितलं त्यासाठी हे सगळं लिहायला घेतलंय. पीयूची नळी बाहेरच्या मापाने विकली जाते, कारण ती जिथे ढकलून बसवायची तो जोड तिला बाहेरून धरतो. आठची नळी आतून पाच. दहाची आतून साडेसहा. बाराची घ्याल तेव्हा आतून आठ मिळतील. रबरी पाइप मात्र आतल्या मापाने विकतात, कारण त्याच्या आत निपल, म्हणजे जोडाची पोकळ दांडी, घुसवायचं असतं. आठचा रबरी म्हणजे आतून आठ. दोन्हींवर "८" छापलेलं, दोन्ही खरे, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मी म्हटलं, तीन मिलिमीटरने एवढं काय बिघडतं? त्यांनी बिलाच्या पाठीमागे गणित मांडलं. तेवढीच हवा तेवढ्याच लांबीतून न्यायची तर वाटेत मरणारं प्रेशर आतल्या मापाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतं. आठ भागिले पाच म्हणजे १.६. त्याला त्यानेच पाचदा गुणा. साधारण साडेदहा येतात. म्हणजे पाचाच्या नळीत आठाच्या दहापट प्रेशर मरतं. मी हे घरी येऊन मोबाइलवर गुणून बघितलं, १०.४८ आले. काकांनी तोंडी केलं होतं.

आता आट्यांचं. गनच्या मुठीच्या खाली जिथे पाइप लागतो तिथे बाहेरून आटे असतात. मास्तर त्याला "दोन सुती" म्हणतात, दुकानात "पाव इंची" म्हणतात, दोन्ही एकच, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाव इंच म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. आणि मुलाने कॅलिपर लावला तर आले सव्वातेरा! परत फसवणूक? नाही. पाइपच्या आट्यांना नाव पडलं ते जुन्या काळी त्या पाइपाच्या आतल्या भोकावरून, आटे कापले जातात बाहेर. बीएसपी नावाचं जे ब्रिटिश माप आपल्याकडे चालतं त्यात पाव इंचीचा बाहेरचा व्यास १३.१६ मिमी आणि एका इंचात १९ आटे. अमेरिकन एनपीटीचं पाव इंची १३.७ मिमी आणि इंचात १८ आटे, शिवाय आट्याचा कोनही निराळा, ब्रिटिश ५५ अंश, अमेरिकन ६० अंश. दीड-दोन फेरे एकमेकांत जातात, मग घट्ट होतात. माणसाला वाटतं बसलं, तो पाना लावून पिळतो आणि पितळेचे आटे चिरडतो. आमच्या निळ्या संचातला एक जोड दीड फेऱ्यात अडला होता आणि मास्तर त्याला पाना लावणारच होते. नेमका तेव्हा चहा आला म्हणून गन वाचली.

काकांचा नियम साधा: हाताने तीन-चार फेरे सहज गेलं पाहिजे, पाना फक्त शेवटच्या अर्ध्या-पाऊण फेऱ्याला. हाताने जात नसेल तर ते त्याचं नाही.

झटपट जोडांचीही तीच तऱ्हा. खाडकन बसणारा जोड वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या आकाराचा. आपल्या बाजारात सर्रास मिळतो तो जपानी घाटाचा. एखादं युरोपीय घाटाचं नर, म्हणजे आत घुसणारा भाग, त्यात घातलं तर आत जातंसुद्धा, पण लटपटत राहतं आणि फुसफुसतं. आमचं रात्रभर फुसफुसत होतं, मी त्याला पाऊस समजत होते. जपानी घाटाच्या जोडांवर २० एसएफ, २० पीएम असं काहीबाही कोरलेलं असतं. मी आयुष्यभर ते लॉट नंबर समजत आले. एस म्हणजे सॉकेट, पी म्हणजे त्यात घुसणारा प्लग. एफ म्हणजे आतून आटे, एम म्हणजे बाहेरून आटे, एच म्हणजे होज, पाइपात घुसवायचं. २० म्हणजे पाव इंची, ३० म्हणजे तीन सुती, ४० म्हणजे अर्धा इंची. आणि गंमत म्हणजे २०, ३० आणि ४० चे प्लग-सॉकेट एकमेकांत बसतात, फरक फक्त मागच्या आट्यांचा. एवढं कळलं की दुकानात "ते हे असतं ना, खाडकन बसणारं" असं हातवारे करून सांगावं लागत नाही. गनवर प्लग लावायचा, सॉकेट पाइपाकडे, कारण हवा अडवायची झडप सॉकेटात असते. उलटं लावलंत तर जोड काढल्याबरोबर पाइप सापासारखा नाचेल.

त्यांनी मला जे करून दिलं ते असं: आतून ८ मिमीचा, दोऱ्याच्या विणीचा काळा रबरी पाइप, नऊ मीटर. एका टोकाला फिरतं नट, भिंतीवरच्या रेग्युलेटरला, म्हणजे प्रेशर कमी-जास्त करायच्या चावीला, लावायला. दुसऱ्या टोकाला निपल, त्यावर २० एसएफ सॉकेट. दोन्ही टोकं फेरूल, म्हणजे धातूचं कडं, घालून प्रेसवर दाबलेली. मी क्लिपा मागत होते, स्वस्त पडतात म्हणून. काका म्हणाले, क्लिपेचं टोक मूर्तीला लागेल, हाताला लागेल आणि सहा महिन्यांनी ढिली होईल, ती ढिली झालेली तुम्हाला कळणार नाही. त्यांना मूर्तीचं सुचलं याचं मला कौतुक वाटलं.

हिशेब: पाइप ११० रुपये मीटरने ९९०, दोन टोकं प्रेस करायचे १६०, सॉकेट २४०, प्लग तीन, ७० प्रमाणे २१०, एअरब्रशसाठी (बारीक कामाची पेनासारखी छोटी गन) दोन सुतीचं एक सुती करणारं अडॅप्टर ४५. झाले १६४५. वरचे ४५ सोडले. हा भाव गेल्या जुलैचा. पक्कं बिल मागितलं तर मिळतं, न मागता मिळत नाही.

घरी आल्यावर मास्तर पाइप लगेच लावायला निघाले. काकांनी बजावलं होतं की आधी नुसती हवा सोडा, गन न लावता, दोन मिनिटं. नव्या रबरी पाइपात पांढरी भुकटी असते. आम्ही जुन्या चादरीवर तोंड धरून हवा सोडली तर चादरीवर रांगोळीसारखा पट्टा उमटला. ती सगळी गनमध्ये गेली असती.

मग टेफ्लॉन टेप. इथे मास्तरांचं आणि माझं जुनं भांडण आहे. ते टेप अशी गुंडाळतात जशी आजी हळकुंडाला चिंधी बांधायची. आदल्या वर्षी त्याच टेपचा एक तुकडा सुटून गनच्या तोंडाच्या टोपीत अडकला होता आणि रंगाचा पट्टा एका बाजूला चंद्रकोरीसारखा वाकडा पडायचा. तेव्हा त्यांनीच एक युक्ती दाखवली होती, तिचं श्रेय त्यांना देते: टोपी अर्धा फेरा फिरवून पुन्हा कागदावर मारायचं. चंद्रकोर उलटी झाली तर घाण टोपीत. तशीच राहिली तर घाण आतल्या नोझलात. आता आमचा तह झालाय. आट्यांच्या दिशेने अडीच फेरे, तोंडाकडचा पहिला आटा उघडा. आणि घट्ट करताना दोन पाने, एकाने गनचं षटकोनी निपल धरायचं, दुसऱ्याने प्लग फिरवायचा. नाहीतर जोर गनच्या ॲल्युमिनियमवर येतो.

साबणाचं पाणी लावून बघितलं. एक बुडबुडा रेग्युलेटरपाशी, तो आमच्याच जुन्या जोडाचा. बाकी कोरडं.

मुलाने गनच्या मुठीशी एक छोटा काटा लावून दोन्ही पाइप तपासले. भिंतीवर तीन किलो ठेवून घोडा पूर्ण दाबला की निळ्या पाइपात काटा सव्वा किलोवर यायचा. काळ्यात अडीचच्या थोडा वर थांबला. मास्तरांनी एक नऊ इंची मूर्ती घेतली, दोन हात मारले, खिडकीच्या उजेडाकडे तिरकी धरली आणि काही न बोलता पुढची उचलली. पेणच्या माणसाकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

तक्रारी आहेत आणि त्या छोट्या नाहीत.

एक तर वजन. मास्तर या पाइपाला अजगर म्हणतात. निळा हातात जाणवत नव्हता, हा दुपारनंतर मनगटाला जाणवतो. काकांनी गनपाशी एक मीटर मऊ पाइप लावायचा पर्याय सांगितला होता. मी पैसे वाचवले आणि चुकले, या वर्षी घेणार आहे.

दुसरी गोष्ट मला आधी कोणी सांगितली नाही, काकांनीही नाही: काळं रबर डाग पाडतं. पांढरा हात मारून वाळत ठेवलेल्या मूर्तींच्या रांगेत मास्तर वळले, पाइप घसटला आणि चार मूर्तींच्या पाटावर काळी रेघ. धोतराला लागली नाही हे नशीब. मूर्तिकामाला हा पाइप घेणार असाल तर हे आधी धरून चाला. मी माझ्या एका जुन्या सुती साडीची उभी पट्टी फाडून तिची नळी शिवली आणि पाइपाला झबलं घातलं. आता तो फिकट गुलाबी अजगर आहे.

तिसरं, चार महिन्यांनी, म्हणजे दिवाळीनंतर मूर्ती नसतानाच्या किरकोळ कामात, सॉकेट पाझरायला लागलं. आतली रबरी रिंग झिजली होती. २४० रुपयांच्या मालाची रिंग चार महिन्यांत जावी हे मला पटलेलं नाही. घेऊन गेले तर काकांनी पाच मिनिटांत रिंग बदलली, दहा रुपये घेतले आणि वर मलाच ऐकवलं की तुम्ही प्रेशर न सोडता जोड ओढता. ओढतो. पण ते सांगायची वेळ विकत देताना होती.

कापलेला पाइप परत घेत नाहीत, हे ठीक. पण एखादी गोष्ट त्यांना पटत नसेल तर विकतच नाहीत, हे घाईच्या माणसाला जाचक होतं. माझ्यासमोर एका तरुणाला त्यांनी तेलाच्या वाटीचा फिल्टर दिला नाही, कारण तो स्प्रे गनला लावणार होता. तसल्या दुहेरी संचात एक वाटी पाणी पकडते आणि दुसरी हवेत तेल सोडते. ते तेल नट पिळायच्या हवेच्या पान्याला हवं असतं, रंगाला नव्हे. तेलाचा एक थेंब गेला तरी रंग तिथे धरत नाही, गोल खड्डा पडतो. तो मुलगा चिडून शेजारच्या दुकानात गेला. त्याला तिथे मिळाला असेल.

पाण्याबद्दलही त्यांनी मला एक गोष्ट सांगितली ती पुण्याच्या जुलैत लाखमोलाची. आम्ही पाणी पकडायची वाटी कॉम्प्रेसरला चिकटून लावली होती, जागा सोयीची म्हणून. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेतच असतं, वाटीतून सरळ निघून जातं आणि पुढे पाइपात गार होऊन थेंब होतं. मग ते थेंब नेमके मूर्तीच्या चेहऱ्यावर. वाटी आता शेडच्या दुसऱ्या टोकाला, लोखंडी पाइपाच्या सात मीटर प्रवासानंतर, रेग्युलेटरच्या अलीकडे आहे. रोज संध्याकाळी टाकीच्या बुडाचा कॉक उघडायचं काम मुलाचं. पावसात वाटीभर गढूळ पाणी निघतं. ते बघून अप्पा म्हणतात, एवढं पाणी आपण हवेतून विकत घेतो होय.

निळा पाइप टाकला नाही. नाव न घेता त्या विक्रेत्यांना शिव्या दिल्या होत्या, त्यातल्या निम्म्या परत घेते. पाइप बाहेरून आठच होता. पण वर्णनात आतलं माप नव्हतं आणि "स्प्रे गनसाठी" असं मात्र ठळक होतं, म्हणून निम्म्या ठेवून घेते. तो पाइप आता एअरब्रशला आहे आणि तिथे झकास चालतो. एअरब्रशला हवा लागते चिमूटभर, दीड किलोच्या आत काम होतं. एवढी कमी हवा पळते की बारीक नळीतही प्रेशर मरत नाही. शिवाय हलका, हात अडकत नाही, आणि गालावरची लाली, सोंडेच्या वळ्यांतली सावली, शेल्याची कड, असलं काम करताना हात मोकळा हवाच. एअरब्रशच्या मुठीचे आटे एक सुती असतात, बाहेरून पावणेदहा मिमी आणि इंचात २८, म्हणून ते ४५ रुपयांचं अडॅप्टर. डोळे अर्थात अजून ब्रशनेच. तिथे कुठल्याही पाइपाची गरज नाही.

मुलाने कुठेतरी वाचून मास्तरांना सांगितलं की स्प्रे गनचा मूळ पुरुष घशात औषध फवारायचं यंत्र आहे. अमेरिकेत ओहायोतल्या टोलिडो गावी डॉ. डेविलबिस म्हणून होते, त्यांनी १८८० च्या दशकात ते केलं आणि १९०७ मध्ये त्यांच्या मुलाने त्यावरून रंगाची गन काढली. मास्तरांना पस्तीस वर्षं रंगाच्या धुक्यात उभं राहून कायमचा खोकला आहे. ते म्हणाले, "बापाने घसा बरा केला, पोराने बसवला." तेव्हापासून मी मास्क न लावता त्यांना गन हातात देत नाही. हे परीक्षणात बसत नाही, पण लिहून ठेवते.

पाइपाला पाचपैकी चार, रिंगेसाठी एक कापला. दुकानाला साडेचार, अर्धा डागाबद्दल न सांगितल्याचा. त्या संचाला एअरब्रशसाठी साडेतीन, स्प्रे गनसाठी शून्य.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर आळीत हातगाड्या अडकतात. मोबाइलवर फोटो दाखवू नका, काका बघत नाहीत. गनच घेऊन जा, आटे हाताला लागल्याशिवाय ते बोलत नाहीत. आणि गन धुऊन न्या. मी रंगासकट नेली तर काकांनी आधी फडकं पुढे केलं, मग खुर्ची.